महिना ९८० रुपये तोटा

काळ्या रेक्झिनचं बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरं, आत ६४ पानं. पान ४१ वर एक तक्ता आहे आणि त्याच्या शेवटच्या ओळीत कंसात ९८० लिहिलंय. हिशोबात कंसातला आकडा म्हणजे तोटा. हा तोटा माझ्या आईचा. २०१३ च्या मार्चमध्ये मी तो रीतसर सिद्ध करून कॉलेजात सादर केला आणि वर गुणही चांगले मिळवले.

गेल्या आठवड्यात सांगलीला गेले होते तेव्हा माझ्या बीबीएच्या प्रोजेक्टचं हे बाड माळ्यावरून खाली काढलं. निमित्त मामेबहिणीच्या मुलीचं. ती यंदा बारावीला आहे, बीबीए, म्हणजे व्यवस्थापनातली पदवी, करायचं म्हणते. फोनवर विचारत होती, ‘मावशी, बीबीएत नक्की शिकवतात तरी काय?’ तिला आधी सीईटी द्यायची आहे. २०२४-२५ पासून हा कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, अखत्यारीत गेला, २०२४ च्या मे महिन्यात राज्यात बीबीए-बीसीएची पहिली सीईटी झाली, आणि ती झंझट नको म्हणून बऱ्याच कॉलेजांनी कोर्सचं नावच बदलून ‘बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ वगैरे करून टाकलं. मार्केटिंगच्या तासाला याला रिब्रँडिंग म्हणतात. आमच्या गल्लीत याला वेगळा शब्द आहे.

आमच्या वेळी, म्हणजे २०१० ला, असलं काही नव्हतं. मार्कलिस्टची झेरॉक्स आणि फीचा डीडी घेऊन गेलं की झालं. अडचण होती ती फीची. कोर्स विनाअनुदानित, त्यामुळं फी बी.कॉम.च्या पाच-सहा पट. आण्णा एसटीत कंडक्टर, सांगली-जत गाडीवर. रोज रात्री डेपोत वेबिल आणि रोकड जुळवून द्यायची आणि दहा रुपये कमी पडले तर ते खिशातून भरायचे, अशी तीस वर्षांची सवय. त्यांनी फीचा आकडा ऐकला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, ‘तुझ्या आईला विचार.’ शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘बीबीए म्हंजे बीएच्या आधीचं काय गं?’

आईची खानावळ होती. विश्रामबागेत इंजिनिअरिंगची पोरं भरपूर, त्यांच्यातली चाळीसेक आमच्याकडं जेवायला. पुढच्या खोलीत दोन लांब टेबलं, भिंतीवर खाड्यांची वही टांगलेली. फी तिनंच भरली, डाळीच्या डब्यातून नोटा काढून.

पहिलं वर्ष भाषेतच गेलं. बारावीपर्यंत माझं सगळं मराठीतून. विषयांची नावंसुद्धा ‘पुस्तपालन व लेखाकर्म’, ‘चिटणिसाची कार्यपद्धती’. इथं पहिल्याच तासाला सर म्हणाले, ‘डेबिट द रिसीव्हर, क्रेडिट द गिव्हर’, आणि मी वहीच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं, ‘घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा’. सहा महिने माझ्या डोक्यात असा एक दुभाषी बसलेला होता. ट्रायल बॅलन्स म्हटलं की तो म्हणायचा तेरीज. जर्नल म्हटलं की रोजकीर्द. डेप्रिसिएशनला घसारा. बाकीचे शब्द हळूहळू इंग्रजीतच राहायला लागले, पण घसारा काही गेला नाही. कढई रोज घासून घासून तिचा तळ पातळ होतो, तो घसारा. डेप्रिसिएशन या शब्दात मला कधी कढई दिसली नाही.

मॅनेजमेंटच्या पेपरला फेयॉलची १४ तत्त्वं. हा फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीतला इंजिनिअर, पुढं त्याच कंपनीचा प्रमुख झाला आणि १९१६ ला ही तत्त्वं मांडली. आम्ही ती पाठ केली, परीक्षेत १४ च्या १४ लिहिली आणि विसरलो. मला एकच राहिलं, कारण ते घरात रोज मोडलं जायचं. एका माणसाला हुकूम देणारा एकच हवा. आमच्याकडं चपात्या करायला येणाऱ्या मावशींना आई म्हणायची पातळ लाट, आणि आजी देवघरातून ओरडायची, पातळ नको, पोरांची पोटं भरत नाहीत. मावशी एक पातळ लाटायच्या, एक जाड.

दुसऱ्या वर्षाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. बिझनेस लॉमध्ये कराराचा कायदा १८७२ चा आणि भागीदारीचा १९३२ चा हे कळलं. स्टॅटिस्टिक्सला सगळ्यांनी क्लास लावला. एकदा हळदीचे सौदे बघायला मार्केट यार्डात नेलं होतं, तिथं पोतं फोडून हळकुंड दाताखाली मोडून बघणाऱ्या व्यापाऱ्यांकडं आम्ही मुली तोंड उघडं टाकून बघत राहिलो. सरांनी परत येताना गाडीत ‘क्वालिटी कंट्रोल’वर दहा मिनिटं सांगितलं. ती दहा मिनिटं मला त्या सेमिस्टरमधली सगळ्यात चांगली वाटली.

मग तिसरं वर्ष आणि प्रोजेक्ट.

बीबीएचं प्रोजेक्ट हा एक वेगळाच कुटीरोद्योग आहे. वर्गातल्या निम्म्या प्रोजेक्टांचं नाव ‘अ स्टडी ऑफ कस्टमर सॅटिस्फॅक्शन’ असं सुरू व्हायचं आणि कुठल्यातरी टू-व्हीलरच्या शोरूमवर संपायचं. सँपल साइझ ५०. पन्नास प्रश्नावल्या पाचजणी मिळून एका दुपारी कँटीनमध्ये भरायच्या. निळं पेन, काळं पेन, डावा हात, उजवा हात. मग एक्सेलमध्ये रंगीत पाय चार्ट, आणि निष्कर्ष असा की ७८ टक्के ग्राहक समाधानी आहेत. कॉलेजबाहेरच्या एका झेरॉक्सवाल्याकडं तयार प्रोजेक्टही मिळायचं, फक्त पहिल्या पानावरचं नाव बदलून.

मीही तेच केलं असतं. पण त्या वर्षी गॅसनं घोळ घातला. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारनं अनुदानाच्या सिलिंडरवर मर्यादा आणली, वर्षाला सहा. पुढं जानेवारीत ती नऊ केली. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायचा नसतो हे आम्हालाही ठाऊक होतं, पण गल्लीत कुणाचा तरी जादा असायचा आणि तो आमच्याकडं यायचा. आता कुणाचाच जादा उरला नाही. आईला १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर घ्यावा लागला, तोही दीड हजाराच्या पुढं. महिन्याला पाच. ती रात्री टेबलं पुसता पुसता पुटपुटायची, ‘परवडंना झालंय.’ मी कॉस्टिंगचा अभ्यास करत बसलेली असायची. म्हटलं, परवडत नाही म्हणजे नक्की किती?

सरांना विषय सांगितला. ते कॉस्ट अकाउंटिंगचे, तोंडात कायम लवंग. म्हणाले, ‘खानावळ? कंपनी प्रोफाइलचं चॅप्टर काय लिहिणार?’ मग स्वतःच हसले आणि म्हणाले, ‘कर.’

आठ दिवस मी स्वयंपाकघरात वही आणि घड्याळ घेऊन बसले. आमच्या मॅनेजमेंटच्या पुस्तकातल्या टेलर या अमेरिकन इंजिनिअरनं असंच केलं होतं. स्टॉपवॉच घेऊन बेथलेहेम स्टीलच्या आवारात उभा राहिला आणि माणसामागं दिवसाला साडेबारा टन कच्चं लोखंड वाहिलं जायचं ते ४७ टनांवर नेल्याचं त्यानं लिहून ठेवलं. आमच्याकडं लोखंड नव्हतं, एका वेळेला १६८ चपात्या होत्या. बेचाळीस पोरं, माणशी चार. पहिल्या दिवशी मावशींनी त्या एक तास वीस मिनिटांत उडवल्या. मी खूश. आई चपाती भाजता भाजता माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, ‘तू उठ हितनं, मग बघ.’ दुसऱ्या दिवशी मी देवघराच्या दाराआडून वेळ लावली. एक तास पन्नास मिनिटं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून झालेले प्रयोग आम्हाला अभ्यासाला होतेच. दिवे वाढवले तरी काम वाढलं आणि कमी केले तरी वाढलं, कारण आपल्याकडं कुणीतरी लक्ष देतंय हे कामगारांना कळत होतं, असं आम्हाला शिकवलं. पाच मार्कांची टीप. मला ती मावशींनी फुकट समजावून दिली.

आता आकडे. ज्यांना हिशोबाचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण माझा जीव इथंच आहे. दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला १५०० रुपये, रविवारी संध्याकाळी सुट्टी, दुपारी फिस्ट. एका पोरामागं शिधा, भाजी, तेल मिळून ९०० रुपये. गॅसचे पाच सिलिंडर धरून माणशी १९०. म्हणजे प्रत्येक पोरामागं हातात उरतात ४१०. याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. मग पोरं दहा असोत की पन्नास, न बदलणारे खर्च. चपातीच्या मावशींचे ३५००, भांडी घासणाऱ्या बाईंचे १५००, वीज-पाणी ८००, भांड्यांचा घसारा २००. सहा हजार झाले. सहा हजाराला ४१० नं भागलं की पंधरावं पोर आलं की खर्च निघतो, सोळाव्यापासून नफा. बेचाळीस पोरांवर महिन्याला ११,२२० रुपये नफा. मी लाल पेनानं खाली दोन रेघा ओढल्या.

आईला दाखवलं. तिनं आकडा बघितला आणि म्हणाली, ‘वर्षाचे नऊच महिने धर. दिवाळी, उन्हाळा कोण जेवतंय? आन् मावशीला सुट्टीतबी निम्मा पगार द्यावा लागतो, न्हाईतर ती दुसरं घर धरती.’ हे माझ्या पुस्तकात नव्हतं. तसं धरून वर्षाची सरासरी काढली तर महिन्याचे आठ हजार जेमतेम. सातवी शिकलेली माझी आई, आणि तिनं एका वाक्यात माझ्या तक्त्यातला चौथा भाग उडवला.

सरांनी तक्ता बघितला तेव्हा मात्र लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि विचारलं, ‘मालकिणीचा पगार कुठाय?’

मी म्हटलं, ‘सर, ती पगार घेत नाही. उरतं ते तिचंच.’

‘तसं नाही. उद्या त्या आजारी पडल्या आणि माणूस ठेवावा लागला तर काय पडेल? आणि ती पुढची खोली, ती भाड्यानं दिली तर?’

चौकशी केली. केटरिंगवाल्याकडचा आचारी ९००० मागत होता, जेवून-खाऊन. पुढच्या खोलीत कॉट बेसिसवर चार पोरं ठेवली तर ८०० प्रमाणे ३२००. हे दोन्ही आकडे खर्चात घातले. ठरावीक खर्च झाला १८,२००. भागिले ४१०. उत्तर आलं, पंचेचाळिसाव्या पोरापासून खानावळ सुटते. आमच्याकडं बेचाळीस. तोटा ९८०.

त्या रात्री मी आईला सांगितलं तेव्हा ती दुसऱ्या दिवसाची मटकी भिजत घालत होती. मी सगळं समजावलं, आचारी, कॉट, ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट, मराठीत संधी परिव्यय, म्हणजे एक केल्यामुळं दुसऱ्यातली हुकलेली कमाई. तिनं मटकीत पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि म्हणाली, ‘व्हय का? आन् तुझी फी काय तोट्यातनं भरली मी?’

मला उत्तर आलं नाही. आण्णा आतल्या खोलीत हसले, तेवढं ऐकू आलं.

पण डोक्यातून ते जाईना. एक गोष्ट मला खटकत होती आणि ती कुठल्याच गाइडमध्ये नव्हती. आईऐवजी माणूस ठेवायचा तर ९००० पडतात हे खरं. पण आईनं खानावळ बंद केली तर तिला ९००० ची नोकरी कोण देणार होतं? पंचेचाळिशीतली बाई, सातवी पास. दोन घरी स्वयंपाकाला गेली असती तर महिन्याला अडीच हजार मिळाले असते, त्यावर एक रुपया नाही. मग तिच्या खात्यावर ९००० धरायचे की २५००? अडीच हजार धरले तर एकोणतिसाव्या पोरापासून नफा आणि महिन्याला ५५२० शिल्लक. तीच बाई, पहाटे पाच ते साडेदहा आणि दुपारी चार ते रात्री साडेनऊ तेच काम. तिला आणायचं झालं तर तिची किंमत नऊ हजार आणि तिनं बाहेर पडायचं म्हटलं तर अडीच. मधले साडेसहा हजार कुणाचे, हे मला तेव्हा कळलं नाही. आज मी चाकणला एका कारखान्यात कॉस्टिंगमध्ये आहे. ओतकामाचं वजन, मशीनचा ताशी दर, मजुरी असं दिवसभर करत असते आणि मजुरीच्या रकान्याशी आले की अजूनही हात जरा थांबतो.

सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘दोन्ही बरोबर. प्रश्न काय विचारतेस त्यावर आहे. प्रोजेक्टमध्ये ९००० ठेव, एक्स्टर्नलला, बाहेरच्या परीक्षकाला, समजायला सोपं.’

एक्स्टर्नल कोल्हापूरहून आले होते. वर्गातल्या बाकी मुलींना दोन-दोन मिनिटं, मला पंधरा. पान ४१ उघडून त्यांनी विचारलं, ‘मग युनिट क्लोज करावं असं तुमचं सजेशन आहे का?’ मी म्हटलं, नाही सर. प्रत्येक पोरामागं ४१० रुपये हातात येतायत आणि खिशातून जाणारा ठरावीक खर्च सहाच हजार आहे. बंद केलं तर ९८० वाचणार नाहीत, उलट घरात येणारे अकरा हजार जातील. ते आचाऱ्याचे नऊ हजार कुणाला द्यावे लागत नाहीत. ‘कुणालाच नाही?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘आईला द्यायला हवेत, पण ती मागत नाही.’ ते काही बोलले नाहीत, सही केली. सजेशन्सच्या चॅप्टरमध्ये मी लिहिलं होतं की दर १०० रुपयांनी वाढवावा, म्हणजे छत्तीस पोरांतच सगळं निघेल, अगदी आचाऱ्याच्या पगारासकट.

आईनं दर वाढवला नाही. जूनमध्ये पोरांना १५०० सांगितलेत, मधेच कसं बदलायचं, असं तिचं म्हणणं. शिवाय त्या वर्षी जत-आटपाडीकडं दुष्काळ होता. आण्णा गाडीवरून येऊन सांगायचे, कुठल्या गावाला टँकर आला आणि कुठं छावणी पडली. आमच्याकडं जतची तीन पोरं होती आणि तिघांचेही दोन-दोन महिन्यांचे पैसे थकले होते. मी ते प्रोजेक्टमध्ये ‘येणी’खाली दाखवले आणि त्यावर ५ टक्के संशयित बुडीत कर्ज निधी काढला, म्हणजे तेवढे बुडतील असं आधीच धरलं. हिशोबाच्या दृष्टीनं अगदी चोख. त्यातल्या दोघांच्या वडिलांनी जूनमध्ये येऊन पैसे दिले, एकानं वर एक पोतं बाजरी ठेवली. तिसऱ्यानं कॉलेज सोडलं. त्याचे ३००० राहिले. पुढं जुलैपासून दर १६५० झाला. माझ्या सजेशनपेक्षा पन्नास जास्तच. आईला विचारलं हा आकडा कुठून काढला, तर म्हणाली, शेजारच्या खानावळीत १७०० आहेत.

भाचीला यातलं काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. तिला पॅकेज किती मिळतं ते हवंय आणि त्यात तिचं काही चुकत नाही. पण सीईटीच्या पुस्तकाबरोबर हे बाडही तिला द्यावं म्हणून पिशवीत घालायच्या आधी सहज चाळलं. ६४ पानं एका बाजूनं छापलेली, मागच्या बाजू कोऱ्या. त्या आता कोऱ्या नव्हत्या. खाड्यांची वही संपली की आईनं यावरच लिहायला सुरुवात केली होती. बारा वर्षं मला पत्ता नाही. पाटील ३ दिवस. माने ५, आजी वारली. रविवार अंडी ९०. गवारी महाग, बटाटा.

पान ४१ च्या मागं, तक्त्यातल्या रेघा जिथं उमटून दिसतात तिथं, पेन्सिलीनं एक ओळ आहे. ‘जतचा ३००० – सोडले.’